तोंडावर बोट म्हणजे ऐकणे नव्हे

ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. तेव्हा माँटेसरीबाईंचा शांततेचा खेळ आपल्याला परका नसावा. मुले निश्चल बसतात, ताई दुरून कुजबुजत एकेकाचे नाव घेतात, ते मूल पाय न वाजवता उठून जाते. बालवर्गात मात्र पुष्कळदा उरते ती ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. खेळात गप्प राहण्याला कारण होते, इथे नुसता हुकूम!

पण मूळ खेळही अपुराच. नाव ओळखणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे. ‘लाल डबा खिडकीखाली ठेव, मग चप्पल घाल’ असे एकट्याला कुजबुजून पाहा. शेजाऱ्याचे पाहून उठणारे, म्हणून ‘समजदार’ ठरलेले मूल ‘खाली’पाशी अडते की ‘मग’पाशी, ते तेव्हाच कळते. सांगताना खिडकीकडे मात्र पाहू नये. आपली नजरच उत्तर फोडते.