दम कोणाचा, दास्तान कोणाची?

'दम' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथे बहुरूपी झाला. धावणाऱ्याला दम लागतो, थकलेला दम खातो, अंमलदार हाताखालच्याला दम देतो. मूळ अर्थ एवढाच की श्वास. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकविताना हा शब्द आम्हाला रोज दोन्ही भाषांत भेटतो. अलीकडे आम्ही तीन इंग्रजी ग्रंथ लागोपाठ वाचले : एक लांब पल्ल्याच्या धावण्यावर, दुसरा सैन्यसुधारणेवर, तिसरा एका शहराच्या इतिहासावर. विषय एकमेकांपासून दूरचे. पण तिन्हींच्या मुळाशी माणसाचा दम आहे. म्हणून तिन्ही ग्रंथांना आम्ही एकच प्रश्न विचारला. हा प्रश्नही आमचा नव्हे, आमच्या एका विद्यार्थ्याचा आहे.

पहिला ग्रंथ ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचा 'बॉर्न टू रन' (२००९). धावताना आपले पाऊल का दुखते, या साध्या प्रश्नापासून निघालेला हा अमेरिकन पत्रकार मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील खोल दऱ्यांत पोहोचतो. तिथे रारामुरी हे आदिवासी राहतात. जुन्या टायरच्या पातळ चपला घालून ते दऱ्याखोऱ्यांतून मैलोन् मैल धावतात. २००६ साली तिथे सुमारे ८० किलोमीटरची शर्यत झाली आणि अर्नुल्फो किमारे या रारामुरीने स्कॉट जुरेक या अमेरिकेच्या नामवंत धावपटूला मागे टाकले. वर्णन इतके रसाळ की पुस्तक खाली ठेववत नाही.

नववीच्या वर्गात आम्ही ही हकिकत सांगितली. मुले खूश झाली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, दौडनेवाले ने खुद क्या कहा?" आम्ही पुस्तक पुन्हा चाळले. धावणारे त्यात जागोजागी आहेत. पण ते बहुधा अबोल, हसतमुख आणि गूढ आहेत. बोलतात ते पाहुणे. वाचकाने त्यातून घेतले काय, तर अनवाणी धावण्याची हौस. त्या लाटेत पातळ तळव्यांचे महागडे बूट खपले. अशा बुटांच्या फायद्याचे दावे निराधार असल्याचा दावा अमेरिकेत कोर्टात गेला आणि २०१४ मध्ये कंपनीला लाखो डॉलर्स देऊन तो मिटवावा लागला. रारामुरींच्या दमाचा माल झाला.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर २०२० साली मिळाले. डॅनियल लिबरमन प्रभृती संशोधकांनी रारामुरींच्या धावण्यावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत सिल्विनो क्युबेसारे किमारे हे नाव आहे. हा सिल्विनो २००६ च्या त्याच शर्यतीत धावला होता! प्रबंधाचे म्हणणे असे की, हे लोक जन्मजात धावपटू असतात हा बाहेरच्यांचा भ्रम आहे. त्यांचा दम शेतातल्या कष्टांतून, डोंगर चढण्यातून, शिकारीतून आणि प्रार्थनेसारख्या नाचांतून घडतो. धावणारा लेखकांच्या यादीत आला आणि विषयाचा अर्थच बदलला.

रारामुरी आपखुशीने धावतो. ज्याला हुकमाने धावावे लागते, त्याची कहाणी दुसऱ्या ग्रंथात आहे : खालिद फहमी यांचा 'ऑल द पाशाज मेन' (१९९७). १८०५ पासून इजिप्तचा कारभार हाकणाऱ्या मुहम्मद अली पाशाने १८२० नंतरच्या दशकात युरोपीय पद्धतीची फौज उभारली. एका मुस्लिम राज्यकर्त्याने कवायती सैन्य उभे करून १८३२ मध्ये कोन्या येथे खुद्द सुलतानाच्या फौजेचा पराभव केला, याचा आम्हाला, खरे सांगायचे तर, अभिमान वाटत आला. फहमी हा अभिमान मोडून काढतात. कैरोच्या दफ्तरखान्यातील लष्करी कागदपत्रे वाचून ते दाखवितात की, ही फौज गावांतून पकडून आणलेल्या फल्लाहांची, म्हणजे गरीब शेतकऱ्यांची होती. भरती टाळण्यासाठी लोक आपली बोटे तोडत, डोळा फोडून घेत. अंमलदार तुर्की बोलत, शिपाई अरबी. आणि अरबी बोलणाऱ्याला वरच्या हुद्द्यावर जागा नव्हती. या फौजेने इजिप्तचे राष्ट्र घडविले, हा लाडका सिद्धांत फहमींना म्हणूनच मान्य नाही. ज्याने डोळा फोडून घेतला, त्याने आपले मत नोंदविलेच होते.

या ग्रंथाचीही एक मर्यादा आहे. फल्लाहाचा आवाज इथे त्याला शिक्षा करणाऱ्याच्या लेखणीतून येतो. पण फहमी ती लेखणी उलटी वाचतात, आणि हेच त्यांचे मोठेपण आहे.

तिसऱ्या ग्रंथासाठी इतिहासकाराला दफ्तरात शोधावे लागले नाही; माणसे हयात होती. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने आणला. त्यात शंभरेक माणसे स्वतः बोलतात. मुंबईचा इतिहास पुष्कळदा किल्ल्यापासून आणि गोदीपासून सुरू होतो; इथे तो चाळीतून आणि खात्यातून सुरू होतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाची हकिकत संप भोगलेल्यांच्या तोंडून ऐकताना आकडे मागे पडतात.

गिरण्यांत जुन्या मागावर धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. उष्ट्याच्या सबबीवर दलितांना जास्त मजुरीच्या विणाई खात्यात घेत नसत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपात लावून धरला. त्याच खात्यात मदनपुऱ्याचे मोमीन विणकर होते. म्हणजे श्वासालाही जात होती, आणि या अन्यायात आपली माणसे कोणत्या बाजूला उभी होती, हे आपण प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. आठवणी गोड करून सांगितल्या जातात, म्हणून त्या पारखून घ्याव्या लागतात. पण पारखण्यासाठी त्या आधी नोंदल्या तर पाहिजेत!

आमच्या शाळेतील बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात, आया घरी कांड्या भरतात. मालेगाव, भिवंडीवर लेख पुष्कळ येतात. त्यांत दंगल असते, मंदी असते. माग चालविणारा क्वचितच बोलतो. आपण मराठीत लिहिणारे मुस्लिम लेखकही याला अपवाद नाही. आपणही त्याच्यावर लिहितो, त्याला विचारत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला आम्ही वडिलांच्या एका रात्रपाळीबद्दल, त्यांनाच विचारून, लिहून आणायला सांगितले. त्याने दोन पाने आणली. शुद्धलेखनाच्या चुका आहेत. आम्ही त्या अजून दुरुस्त केलेल्या नाहीत.