नदीच्या आत्मवृत्तातून राहून गेलेले

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी नदीचे आत्मवृत्त लिहिलेले असते. निबंधाचा हा प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे की, त्याचा सांगाडाच ठरून गेला आहे. नदी डोंगरात जन्मते, दऱ्याखोऱ्यांतून अवखळ बालपण काढते, मैदानात उतरल्यावर प्रौढ आणि दानशूर होते. माणसे तिला माता म्हणतात आणि तिच्यातच घाण टाकतात, म्हणून शेवटच्या परिच्छेदात ती अश्रू ढाळते. मी गेली वीस वर्षे यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकवते आहे. एवढ्या काळात अशा शेकडो नद्या वह्यांतून माझ्या हाताखालून वाहून गेल्या. त्या नद्यांत मासा म्हणजे नुसता 'मासा' असतो आणि पक्षी म्हणजे नुसता 'पक्षी'. ज्याचा बाप पहाटे जाळे टाकून मरळ आणि वाम घरी आणतो, त्या मुलाच्या निबंधातही मरळ नसते, वाम नसते.

दोष मुलांचा नाही. साहित्य म्हणून जे दाखवले जाते, त्याच वळणावर मूल लिहिते. तेव्हा मुलांच्या वह्या क्षणभर बाजूला ठेवून आपल्या साहित्याचीच वही तपासायला घ्यावी, असा या लेखाचा हेतू आहे. दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळाबरोबर थोडी समीक्षाही पचते, असा माझा विश्वास आहे.

प्रारंभ तर फार चांगला झाला होता. हालाची गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातली आपली सर्वांत जुनी ठेव. तिच्या अगदी सुरुवातीच्या गाथांपैकी एकीत कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बलाका आहे, आणि पाचूच्या पात्रात ठेवलेल्या शंखाची तिला उपमा दिली आहे. बगळा इतका निवांत बसला आहे, याचा अर्थ तिथे माणसांची वर्दळ नाही, हे त्या कवीने पाहिले होते. पुढे संतांनी चंद्रभागा आणि इंद्रायणी या नद्यांना तीर्थ केले. त्या पाण्याने आपल्याला जे दिले ते मोजता येण्याजोगे नाही. परंतु तीर्थात माणूस हात जोडून उभा राहतो. खाली वाकून पाण्यात काय हलते आहे, हे तो सहसा पाहत नाही.

आधुनिक कवितेत बालकवींची 'औदुंबर' घ्या. अवघ्या आठ ओळींत त्यांनी झरा, गाव, मळे आणि काळा डोह उभा केला, आणि मराठी माणसाच्या मनात तो डोह कायमचा राहिला. त्या कवितेत एकही पाखरू नाही, मासोळी नाही. कवितेला त्यांची गरजही नाही, कारण तो डोह मनाचा आहे. अडचण इतकीच की, पुढच्या पिढ्यांनी खऱ्या डोहाकडेही मनाचा डोह म्हणूनच पाहिले.

कादंबरीने पाणी घेतले ते माणसाच्या बाजूने. गो. नी. दांडेकरांनी 'आम्ही भगीरथाचे पुत्र' मध्ये भाक्रा-नांगलच्या धरणाची उभारणी रंगवली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या उमेदीचे ते चित्र आहे. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ साली आली आणि त्याच धरणांची दुसरी बाजू, उठवलेल्या गावांची, तिने मांडली. तिला १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या वऱ्हाडाच्या मातीतली सदानंद देशमुखांची 'बारोमास' पाण्याच्या अभावाची आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या कोंडीची कथा सांगते. या तिन्ही कादंबऱ्या आपापल्या जागी मोठ्या आहेत. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले, तिथल्या मास्तरणीने 'बारोमास' वाचताना बगळे शोधत बसावे, असे मी मुळीच म्हणत नाही. पण या सगळ्या वाचनानंतर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या साहित्यात पाणी आहे, पाण्यासाठी तळमळणारा माणूस आहे. पाण्यात राहणारे मात्र फारसे नाहीत.

ही उणीव ज्यांनी भरून काढायला घेतली, त्यांत मारुती चितमपल्लींचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागेल. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने १९५६ सालीच निसर्ग हा मराठी ललित गद्याचा स्वतंत्र विषय करून दाखवला होता. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहून विदर्भाच्या जंगलात मराठी वाचकाला मुक्कामाला नेले होते. पण दुर्गाबाई मोठ्या विदुषी आणि माडगूळकर मोठे पाहुणे. चितमपल्ली तिथे नोकरीला होते. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात शिरला, आणि नवेगावबांधच्या तलावाकाठी त्याने जे पाहिले ते त्याच्या लेखनाचा कणा झाले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'चकवाचांदण' ही त्यांची पुस्तके आज घरोघरी आहेत. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. ते गेल्यावर गौरवाचे लेख पुष्कळ निघाले. गौरव झाला की वाचन थांबते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. म्हणून त्यांच्या गुणांबरोबर दोषांचीही चर्चा व्हावी, असे मला वाटते.

त्यांचा पहिला गुण असा की, त्यांच्या तलावाला रहिवासी आहेत. त्यांच्या पाण्यावर नुसते 'पक्षी' उतरत नाहीत. प्रत्येकाला नाव असते, येण्याचा महिना असतो, बसण्याची जागा असते. पट्टकादंब नावाचा हंसाच्या जातीचा पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या तलावांवर येतो. हे नाव ज्याला ठाऊक झाले, त्याला तलाव म्हणजे गावाच्या कडेचे साचलेले पाणी राहत नाही. ते तिबेटहून निघालेल्या वाटसरूचे मुक्कामाचे ठिकाण होते.

दुसरा गुण याहून मोठा आहे. हे ज्ञान आपल्याला कुणाकडून मिळाले, ते चितमपल्ली लपवत नाहीत. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांना त्यांनी गुरुस्थानी मानले. ढिवर, गोंड, पारधी अशा माणसांच्या तोंडची माहिती त्यांनी त्यांच्याच नावावर ठेवली. पूर्व विदर्भातले तलाव कोहळी समाजाने बांधले, ढिवरांनी त्यांत मासेमारी आणि शिंगाड्याची शेती केली. अशा तलावावर लिहिताना पाण्याबरोबर त्या माणसांनाही पुस्तकात जागा मिळते, तेव्हा निसर्गलेखन हे केवळ शहरी माणसाचे सुटीतले डोळे राहत नाही.

आता दोष. लोकसमजूत आणि स्वतःचे निरीक्षण ही दोन्ही चितमपल्ली पुष्कळदा एकाच सुरात सांगतात. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असे आमच्याकडेही म्हणतात. लोकसमजूत म्हणून ती अतिशय सुंदर आहे. परंतु लेखकाने स्वतः मोजलेली गोष्ट कोणती आणि ऐकलेली कोणती, हे वाचकाला कळले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या हाती ही पुस्तके देताना मला दर वेळी हा भेद वेगळा सांगावा लागतो.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. इंग्रजीत बगळ्यांच्या सामुदायिक घरटी-वस्तीला एक शब्द आहे. त्यासाठी त्यांनी 'सारंगागार' हा शब्द घडवला, कावळ्यांच्या वस्तीसाठी 'काकागार'. शब्द डौलदार आहेत. पण ज्या ढिवराकडून पक्ष्याची ओळख झाली, त्याला तो शब्द उच्चारतानाही अडखळावे लागेल. उलट 'हळदीकुंकू' हे बदकाचे नाव पाहा. चोचीवरचा पिवळा आणि तांबडा रंग पाहून ते नाव पडले, आणि ते ऐकताच कोणत्याही घरातली बाई ते बदक ओळखील. टिबुकली, शेकाट्या, पाणकावळा ही नावेही अशीच बोलकी. अर्थात चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त बोलींतली नावे मोठ्या कष्टाने जमवली, हेही सांगितले पाहिजे. संस्कृत नाव कोशात शोभते. माणसांत नांदते ते बोलीतले.

इथे कुणी म्हणेल, नावांचा एवढा काथ्याकूट कशाला? त्याचे उत्तर आमच्या जिल्ह्याच्या नद्यांकडे पाहिले की मिळते. यवतमाळला एका अंगाने वर्धा आहे आणि दक्षिणेला पैनगंगा. मध्ये अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा. पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले, बेंबळेवर बाभूळगाव तालुक्यात प्रकल्प झाला. त्या पाण्याची मोजदाद दशलक्ष घनमीटरांत होते. तशी ती व्हायलाच हवी. पिकाला पाणी लागते, गावाला प्यायला लागते. परंतु ज्याला कागदावर शब्द नाही, त्याला हिशेबात रकाना नसतो.

नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्याच्या तोंडी पात्र उघडे पडले की वाळूच्या बेटावर अंडी घालतो. घरटे असे नसतेच, वाळूतच खळगा. वाळू उपसली की त्याचे घर गेले. वरून अवेळी पाणी सोडले की अंडी गेली. त्याच वाळूत आमच्याकडचे भोई टरबुजाच्या आणि डांगराच्या वाड्या लावत आले. वाळू उपसल्याने त्यांची वाडीही बसते आणि काठच्या विहिरीचे पाणीही खाली जाते. पक्षी, भोई आणि विहीर यांचे नशीब असे एकाच वाळूत पुरलेले आहे. पण लिलावाच्या कागदावर ती 'ब्रास'मध्ये मोजलेली वाळू असते, आणि आमच्या कादंबरीतही ती बहुधा नुसती वाळूच असते.

'पाणथळ' या शब्दाचेच पाहा. शेतकऱ्याच्या तोंडी तो तक्रारीचा शब्द आहे: जमीन पाणथळ आहे, म्हणजे पीक येत नाही. जगाने मात्र २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणातल्या रामसर गावी अशा जागांच्या रक्षणासाठी करार केला, आणि त्यात माणसाने बांधलेले तलावही धरले. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये नांदूर मधमेश्वर जाहीर झाले. तेही बंधाऱ्याने अडलेल्या गोदावरीच्या पाण्यावर वाढलेले. त्याच वर्षी आमच्या विदर्भातले लोणार त्या यादीत गेले. म्हणजे गावतळे हाही पाणथळीचाच संसार. तळ्यातला गाळ काढून शेतात टाकण्याची जुनी रीत २०१७ साली सरकारी योजना झाली. ती चांगलीच. पण यंत्राने तळे काठापासून सरळ खोल केले, तर घोटाभर पाण्यात चरणाऱ्या शेकाट्याने आणि वंचकाने उभे कुठे राहायचे? त्या उथळ काठाला आपल्या बोलण्यात मान असता, तर तो खोदताना कुणाचा तरी हात क्षणभर थांबला असता.

म्हणून हा प्रश्न मी साहित्याचा मानते. यवतमाळने दोन साहित्य संमेलने पाहिली. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. उमरखेडकडचे पैनगंगा अभयारण्य तीन बाजूंनी नदीने वेढलेले आहे. जवळच सहस्रकुंडाचा धबधबा, दरसाल हजारो माणसे पाहून येतात. पण त्या नदीच्या काठी राहून, तिचे मासे, तिची पाखरे, तिचे भोई आणि तिचा कोरडा वैशाख हे सारे एकत्र सांगणारे पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही. नवेगावबांधला चितमपल्ली भेटले. पैनगंगा अजून वाट पाहते आहे. ते पुस्तक लिहिणाऱ्याने चितमपल्लींची नजर घ्यावी आणि बोलीचे कान स्वतःचे ठेवावेत. त्यात 'बारोमास'मधला शेतकरीही असला पाहिजे, कारण भुकेल्या माणसाला वगळून केलेले पाखरांचे कौतुक आमच्या भागात कुणी ऐकून घेणार नाही, आणि ऐकून घेऊही नये.

तोवर वाचकाने काय करावे? दिवाळीच्या सुमारास आपल्या तळ्यांवर बाहेरची बदके उतरू लागतात. माहेरवाशिणींबरोबरच हे पाहुणेही येतात, पण त्यांना ओवाळायला कुणी जात नाही. भाऊबीज आटोपली की एका सकाळी मुलांना घेऊन गावच्या तळ्यावर जावे. तिथे जाळे विणत बसलेला एखादा म्हातारा भेटेलच. त्याला काका म्हणून हाक मारावी, शेजारी बसावे, आणि पाण्यावरच्या एकेका जीवाचे नाव विचारून वहीत उतरवून घ्यावे. दहा नावे मिळाली तरी पुष्कळ. पुढच्या निबंधात ती नदीच्या तोंडी घालावीत. गुण कमी पडले, तर मास्तरांना माझे नाव सांगावे.