परक्या मुलखातला बातमीदार : मेडोज टेलर

सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत नळदुर्गचा किल्ला लागतो. शाळेची सहल घेऊन मी तिथे अनेकदा गेलो आहे. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्यातला पाणीमहाल पाहून झाला, की मी मुलांना सांगतो, "इथे मेडोज टेलर नावाचा गोरा अधिकारी होता. त्याने तुळजापूरवर एक कादंबरी लिहिली आहे." यावर मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, त्याने आपल्याबद्दल चांगलं लिहिलंय की वाईट?" बरीच वर्षे मी "चांगलं" असे उत्तर देत आलो. टेलरची पुस्तके पुन्हा वाचल्यावर ते उत्तर अपुरे वाटू लागले, म्हणून हा लेख.

फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. १८२४ मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे काम करण्यासाठी तो इकडे आला. त्या व्यापाऱ्याचे बस्तान डळमळीत निघाले आणि टेलर हैदराबादेस निजामाच्या फौजेत भरती झाला. कोवळ्या वयातच तुळजापूरच्या बाजूला पोलीस बंदोबस्ताचे काम त्याच्याकडे आले. हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी तो इथेच शिकला. पुढे हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. पामरांची आई हिंदुस्थानी बेगम होती. म्हणजे टेलरचे सासरही निम्मे इकडचेच.

टेलर वार्ताहरही होता, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८४० ते १८५३ या काळात तो लंडनच्या 'टाइम्स'साठी हिंदुस्थानातून बातमीपत्रे पाठवत असे. आता याच काळात त्याचे दुसरे काम कोणते होते ते पाहावे. १८४१ मध्ये सुरपूर संस्थानचा कारभार त्याच्याकडे आला. तिथला राजा व्यंकटप्पा नायक लहान होता. १८५३ पर्यंत, राजा जाणता होईपर्यंत, टेलरच तिथला सर्वेसर्वा होता. पगार निजामाचा, हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटचा आणि वाचक लंडनचा! ज्या हाताने फर्मान निघत होते, त्याच हाताने बातमी लिहिली जात होती. त्या काळी बातमीपत्राखाली नाव छापण्याची रीत नव्हती. त्यामुळे लिहिणारा कुठल्या खुर्चीवर बसला आहे, हे लंडनच्या वाचकाला कळायला मार्ग नव्हता.

टेलर अप्रामाणिक होता, असे मला म्हणायचे नाही. प्रश्न त्याच्या सचोटीचा नाही, त्याच्या जागेचा आहे. परक्या मुलखात काम करणाऱ्या बातमीदाराला भाषा आली पाहिजे, लोकांत राहता आले पाहिजे, असे आपण म्हणतो. टेलरपाशी हे दोन्ही होते. तरीही हाकिमाला मराठी आली म्हणून रयत त्याच्यापाशी मन मोकळे करील, असे कसे म्हणावे? उलट भाषा येणाऱ्या साहेबापुढे माणूस अधिकच जपून बोलतो.

याचा पुरावा टेलरच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकातच सापडतो. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' हे पुस्तक १८३९ चे. कैदेतला ठग अमीर अली साहेबापुढे बसून आपली कहाणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. उमरखेड आणि हैदराबाद ही आपल्या ओळखीची गावे त्यात येतात. हैदराबादचे वर्णन वाचताना तर लेखकाने हे शहर पायी फिरून पाहिले आहे, याची खात्री पटते. पण ही सारी कहाणी एका कैद्याची जबानी आहे, हे विसरून चालत नाही. बोलणाऱ्याच्या पायांत बेडी आहे आणि ऐकणाऱ्याच्या हातात त्याचा जीव आहे. अशा मुलाखतीत सत्य किती आणि साहेबाला आवडेल ते किती? ठगांच्या जबान्यांबद्दल इतिहासकार पुढे जी शंका घेऊ लागले, तिचे बीज या कादंबरीच्या घडणीतच आहे. टेलरने साहेबाला पडद्याआड ठेवले नाही, हे त्याचे श्रेय. मात्र त्या साहेबाच्या उपस्थितीने जबानी कशी बदलते, याचा विचार त्याने केला नाही.

'तारा' ही कादंबरी १८६३ ची. तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी ही तिची नायिका. देवीचे देऊळ, ते खोरे आणि तिथला पूजाविधी हे सारे इतके नेमके उतरले आहे, की भवानीच्या दर्शनाला जाणाऱ्या कोणाही मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटावे. सतीच्या चितेपासून ताराला वाचवतो तो अफजलखानाचा मुलगा फाजल. इंग्रजाने लिहिलेल्या कादंबरीत सुटकेसाठी इंग्रज धावून येत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण ताराला तिच्या स्वतःच्या समाजात कुठे जागा मिळू शकेल, हे शोधायला टेलर थांबत नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता आणि आपल्याकडे त्यावर वाद पेटत होता. त्या वादाचा आवाज या पुस्तकात ऐकू येत नाही. शिवाय अफजलखानाचा वध १६५९ चा असताना टेलरने तो १६५७ मध्ये बसवला. १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शतकांची साखळी त्याला तीन कादंबऱ्यांतून गुंफायची होती. घटनेपेक्षा आराखडा प्यारा होणे, हा बातमीदाराला जडणारा जुनाच रोग आहे.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस पाहू. याच 'टाइम्स'चा विल्यम हॉवर्ड रसेल १८५८ मध्ये बंडाच्या बातम्या देण्यासाठी आला. त्याला इथली भाषा येत नव्हती आणि मुक्कामही थोड्याच काळाचा होता. तरीही एतद्देशीयांशी आपल्या देशबांधवांचे वागणे किती उद्दाम आणि क्रूर आहे, हे त्याने उघडपणे लिहिले. ते दृश्य त्याच्या सवयीचे झालेले नव्हते. तीस-पस्तीस वर्षे राहिलेल्याला जे दिसेनासे होते, ते कधी कधी पाहुण्याला पहिल्याच दिवशी दिसते. मग रसेल मोठा आणि टेलर लहान, असे म्हणायचे का?

तसेही नाही, आणि त्याचे कारण टेलरच्या आत्मचरित्रात आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरपूरचा तोच व्यंकटप्पा नायक १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, हैदराबादेस पळून आला आणि पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटला. लहानपणापासून राजा त्याला 'अप्पा' म्हणत असे; त्या दिवशीही तीच हाक त्याच्या तोंडी आली. मरायचेच असेल तर फाशी नको, तोफेच्या तोंडी द्या, एवढेच त्याचे मागणे होते. शिक्षा पुढे सौम्य झाली; पण कैदेच्या जागी नेत असताना वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. हा राजा चोविसावे वर्ष ओलांडणार नाही, हे ज्योतिषाचे भाकीत टेलरला आधीपासून ठाऊक होते. तेही तो थट्टा न करता नोंदवतो. या पानांवर हाकीम आहे, सरकार आहे आणि मुलासारख्या वाढवलेल्या पोराला वाचवू न शकलेला म्हातारा होत चाललेला माणूसही आहे. इथे टेलर आपली खुर्ची लपवत नाही. त्याच्या साऱ्या लेखनात मला हीच पाने सर्वांत विश्वासार्ह वाटतात.

सीमाभागातल्या आपल्या घरांना हा विषय दूरचा नाही. आपली मुले शिकून हैदराबादला जातात. काही वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर काम करतात. तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या माणसांविषयी मराठीत लिहितात. आपणही ओट्यावर बसून शेजारच्या भाषेतल्या माणसाबद्दल रोज काही ना काही बातमी देतच असतो. त्याची भाषा आपल्याला येते, एवढ्या बळावर त्याचे सारे कळले असे मानतो. घरमालक भाडेकरूविषयी सांगतो, सावकार कुळाविषयी सांगतो आणि मास्तर विद्यार्थ्याविषयी. तेव्हा सांगणाऱ्याची जागाही बातमीचाच भाग असते.

गेल्या सहलीत मुलांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "चांगलंही लिहिलंय, चुकीचंही लिहिलंय. वाचताना तो कुठे बसून लिहितोय ते आधी बघा." एका मुलीने किल्ल्याच्या बुरुजाकडे बोट केले आणि विचारले, "सर, तिथे बसून?" मी हो म्हणालो.