गंगेची कावड

वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि १८५७ च्या बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थिदशेत आम्ही तो झांशीच्या वेढ्यासाठी वाचला. आता वाटते, ग्रंथाचे मर्म निराळेच आहे. मिळविलेले द्रव्य लुटले गेले, तरी भटजींनी गंगाजलाची कावड घरी आणून मातापितरांस स्नान घातले. बंडाच्या धामधुमीतही गंगेवरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. आज आगगाडी आम्हांस दिवसभरात गंगातीरी पोहोचविते. परंतु शहरांच्या सांडपाण्याने मळलेले ते पाणी आईबापांच्या मस्तकी घालण्यास हात धजत नाही. हे शल्य मनात ठेवूनच आज हे पुस्तक मिटावे लागते.