लठ्ठ अक्षरांची लॉटरी

माणसाने लठ्ठ व्हावे की नाही हा डॉक्टरांचा विषय. पण अक्षर लठ्ठ झाले की त्यावर कोणीही बोलावे. इंग्रजी छपाईत ‘फॅट फेस’ नावाचा एक टाइप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो लंडनमध्ये जन्मला, आणि आज दोनशे वर्षांनीसुद्धा जुन्या थाटाची जाहिरात करायची म्हटली की पहिले बोलावणे त्याला जाते.

त्याचा बांधा पाहण्यासारखा आहे. त्याच्या आधी बोदोनी आणि दिदो यांच्या अक्षरांत जाड रेघ अन् बारीक रेघ गुण्यागोविंदाने नांदत होत्या. लंडनकरांनी खुराक सुरू केला तो एकट्या जाड रेघेला. ती फुगून उंचीच्या जवळजवळ निम्मी रुंद झाली; बारीक रेघ बिचारी केसाएवढीच राहिली. अगदी यजमान जिलब्या हाणतोय आणि वाढपी उपाशी, तसे! मोठ्या ‘ओ’च्या पोटात जेमतेम एक उभी फट उरते, आणि ‘ई’च्या आडव्या दांड्या चष्मा पुसून शोधाव्या लागतात.

हे खिळे पाडण्याचे मुख्य श्रेय रॉबर्ट थॉर्न यांना देतात. लॉटरीच्या पत्रकांवर ही अक्षरे फार मिरवली. गंमत पुढेच आहे. थॉर्न वारल्यावर १८२० साली त्यांची फौंड्री विल्यम थोरोगुड यांनी विकत घेतली. या गृहस्थांचा टाइपशी काडीचा संबंध नव्हता. त्यांना म्हणे लॉटरी लागली होती! भांडवल असे फिरून घरी येते, हे आम्हाला बी.कॉम.ला कोणी शिकवले नाही. १८२६ साली तिथली सरकारी लॉटरी बंद झाली. अक्षर मात्र टिकले.

आता माझी तक्रार. दुरून दिसावे म्हणून अक्षर जाड केले म्हणता, तर दुरून नेमक्या बारीक रेघाच नाहीशा होतात. उरतात नुसते काळे खांब. नंतर आलेल्या ‘इजिप्शियन’ टाइपात पायाच्या रेघासुद्धा जाड केल्या, ते शहाणपणाचे झाले. तरीही माझे मत फॅट फेसलाच. एक तर त्याचे आकडे! दोनची मान, पाचचे पोट, टोकाला तो गोळा... दिवसभर आकडेच पाहणारा माणूस सांगतोय, याहून देखणे आकडे मी पाहिलेले नाहीत. दुसरे म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. जाहिरातीत बक्षीस जाड टाइपात असते आणि अटी वेगळ्या बारीक टाइपात, तळाशी. हा गडी जाड आणि बारीक दोन्ही एकाच अक्षरात उघड दाखवतो. पाहून घ्या, मग तिकीट काढा!

फक्त त्याला तीन-चार शब्दांच्या वर बोलू देऊ नये. परवा एका नव्या उपाहारगृहात अख्खे इंग्रजी मेनूकार्ड या टाइपात होते, किमतींसकट. किमती छान दिसत होत्या. पदार्थ मात्र मी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून मागवला.