अज्ञात वायूची ओळख आणि शोधनलिका : एका पद्धतीचे परीक्षण

हवेत अमुक वायू आहे काय व असल्यास किती, हा एक प्रश्न. हवेत कोणता वायू आहे, हा दुसरा. रंग बदलणारी शोधनलिका जन्मली ती पहिल्या प्रश्नासाठी. १९१९ साली अमेरिकेत लँब व हूव्हर यांनी जिचे एकस्व घेतले, त्या नलिकेत आयोडीन पेंटॉक्साइड व सधूम सल्फ्यूरिक अम्ल यांत भिजविलेले प्यूमिस दगडाचे कण होते. कार्बन मोनॉक्साइडाच्या संपर्काने त्यातून आयोडीन मुक्त होई व कणांना रंग चढे. पुढे जर्मनीत ड्रेगर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात कितागावा यांनी या कल्पनेचा विस्तार केला व आज शेकडो पदार्थांसाठी स्वतंत्र नलिका मिळतात. परंतु या साऱ्या विकासात एक गोष्ट गृहीत होती : वायूचे नाव आधीच ठाऊक आहे. खाणीत स्फोट झाला की कार्बन मोनॉक्साइड शोधावयाचा, हे खाणकामगारासही माहीत असते.

उलटलेला टँकर किंवा गळती लागलेले, नाव पुसलेले सिलिंडर यांपाशी उभ्या असलेल्या बचाव-पथकास हे नावच हवे असते. त्यासाठी एकाच भात्याने पाच नलिकांतून हवा ओढणारे संच निघाले. एका संचात अम्लधर्मी वायू, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड, अल्कधर्मी वायू व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्या नलिका शेजारी शेजारी असतात. संचासोबतच्या तक्त्यावरून ‘रंग आला तर इकडे, न आला तर तिकडे’ असे जात अखेरीस एका नावापाशी पोहोचावयाचे. ही रचना आकर्षक आहे. तिचा तर्क मात्र तपासून घेतला पाहिजे.

नलिकेत दिसतो तो रंग वायूचा नव्हे, विक्रियेचा. क्लोरीनच्या नलिकेतील ऑर्थो-टोलिडीन क्लोरीनने पिवळे-नारिंगी होते; ब्रोमीन व क्लोरीन डायॉक्साइड यांनीही होते. अमोनियाच्या नलिकेत अम्लयुक्त ब्रोमोफिनॉल ब्ल्यू पिवळ्याचे निळे होते, आणि अमाइने किंवा हायड्राझीन आले तरी तो निळाच होणार. आर्सीनसाठी वापरलेले सुवर्ण-संयुग फॉस्फीनलाही तसेच प्रतिसाद देते. तेव्हा अशा नलिकेचे प्रामाणिक उत्तर ‘क्लोरीन आहे’ असे नसून ‘ऑर्थो-टोलिडीनचे ऑक्सिडीकरण करणारे काहीतरी आहे’ एवढेच असते. नलिकेवर छापलेले प्रमाणचिन्हही ज्या वायूसाठी ते आखले, त्याच्यापुरतेच खरे. नाव चुकले की आकडा निरर्थक होतो. मग तो कितीही सुबक वाचता येवो.

ही उणीव भरून काढण्यासाठी निर्मात्यांनी पूर्वस्तर योजिले. बेंझीनच्या एका नलिकेत टोल्यूइनला आधीच्या थरात अडवून मगच हवा फॉर्माल्डिहाइड व सल्फ्यूरिक अम्ल यांच्याकडे जाऊ दिली जाते. हायड्रोजन सायनाइडाच्या नलिकेत मर्क्युरिक क्लोराइडाशी विक्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड सुटतो व तो मिथिल रेडला लाल करतो. म्हणून मूळचे अम्लधर्मी वायू अलीकडेच अडविणे भाग असते. युक्ती उत्तम आहे. पण प्रत्येक थराची धारणक्षमता मर्यादित असते, आणि अपघातस्थळी वायूची तीव्रता ती मर्यादा सहज ओलांडते. म्हणजे जेथे पूर्वस्तराची गरज सर्वाधिक, तेथेच त्याचा भरवसा सर्वांत कमी.

याहून मोठा धोका रंग न येण्यात आहे. आयोडीन पेंटॉक्साइडाची ‘सर्वसामान्य’ नलिका ॲसिटिलीन, बेंझीन, पेट्रोलची वाफ अशा अनेक ऑक्सिडीकरणक्षम पदार्थांस प्रतिसाद देते, म्हणून अज्ञात हवेत ती प्रथम लावण्याचा प्रघात आहे. मिथेन, ईथेन, हायड्रोजन व कार्बन डायॉक्साइड यांना ती मूक राहते. ऑक्सिजन कमी झाला आहे, हे तर अशी नलिका आपण होऊन सांगत नाही. नकारात्मक निष्कर्षाचा अर्थ ‘ठरावीक पदार्थ ठरावीक मर्यादेहून कमी’ इतकाच. तक्ता वाचणारा त्याचा अर्थ ‘हवा शुद्ध’ असा करू लागतो. म्हणून ज्वालाग्राही वायूमापक व ऑक्सिजनमापक यांचे वाचन नलिकेआधी झालेच पाहिजे.

नावाची चूक केवळ कागदावर राहत नाही. दि. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. उच्च तापमानास त्यापासून हायड्रोजन सायनाइड निर्माण होऊ शकतो. रुग्णांवर त्याचाही परिणाम झाला होता काय, व त्यांना सोडियम थायोसल्फेट द्यावे काय, यावर वैद्यकवर्गात तीव्र वाद झाला. हवेत एकच वायू असतो या गृहीतावर रचलेला तक्ता अशा मिश्रणापुढे अपुरा पडतो, कारण तो पहिल्या होकारापाशी थांबतो.

एवढ्याने नलिका टाकाऊ ठरत नाही. तिला विद्युत् लागत नाही, ती काही मिनिटांत उत्तर देते, आणि ज्ञात वायूचे मापन अमेरिकेतील प्रमाणकानुसार अनुज्ञेय मर्यादेपाशी सुमारे २५ टक्के चुकीच्या आत असावे अशी अपेक्षा असते. क्षेत्रकार्यास ते पुरेसे होय. दोष आहे तो नोंदीच्या रीतीत. नोंदवहीत ‘क्लोरीन’ असे न लिहिता कोणती नलिका, भात्याचे किती दाब, कोणता रंग, कोणत्या नलिका कोऱ्या राहिल्या व हवेचे तापमान काय, हे लिहिले, तर प्रयोगशाळेतील विश्लेषकास त्या नोंदीवरून पर्याय गाळता येतात. मात्र त्याच वेळी त्याच जागेवरील हवेचा नमुना बंद पात्रात घेऊन वायुवर्णलेखन व द्रव्यमान-वर्णपटलेखन यांसाठी पाठविलेला असला पाहिजे.