कॅपिटेलाची साक्ष

मुंबईलगतच्या खाड्यांवरील प्रदूषणविषयक लेखनात ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ हा वलयी कृमी विपुल आढळला, की गाळ दूषित, असा निर्वाळा बहुधा दिला जातो. या साक्षीची उलटतपासणी व्हावयास हवी. फाब्रिसिउसने हा कृमी १७८० मध्ये ग्रीनलंडहून वर्णिला. आपले अभ्यासक मात्र अनेकदा फोव्हेलच्या १९५३ च्या ग्रंथाधारे इथल्या कृमीलाही तेच नाव देतात. अमेरिकेतील वेस्ट फाल्मथच्या १९६९ मधील तेलगळतीनंतर गाळ व्यापणाऱ्या या कृमींचा अभ्यास करून ग्रासल दांपत्याने १९७६ मध्ये त्या एका नावाखाली सहा जाती दाखविल्या. रूप जवळजवळ एकच; पण अंड्यांचा आकार, डिंभावस्था व प्रजननकाल भिन्न. साहजिकच, उद्ध्वस्त गाळात वस्ती करण्याची शक्तीही भिन्न. मग नमुने मद्यार्कात जपून न ठेवता केवळ संख्या छापणारे निबंध, त्यांतील आलेख कितीही देखणे असोत, फेरतपासणीस निरुपयोगीच.